प्रस्तावनेच्या पुढची पानं

कोल्हापुरात संविधानाची प्रस्तावना शोधत जावं लागत नाही. शाळेच्या भिंतीवर ती आहे, पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानांत आहे, फ्रेम करून भेट द्यायच्या वस्तूंत आहे. २६ नोव्हेंबरला तर अर्ध्या काँटॅक्ट लिस्टच्या स्टेटसवर असते. यात वाईट काहीच नाही. माझी तक्रार प्रस्तावनेबद्दल नाही, आपल्या वाचनाबद्दल आहे.

संविधानाबद्दल आपण मराठीत जे लिहितो, बोलतो, फॉरवर्ड करतो, त्यातलं बरंचसं प्रस्तावनेपाशी सुरू होतं आणि तिथंच संपतं. कादंबरीची अर्पणपत्रिका वाचायची, भरून यायचं आणि पुस्तक मिटून परीक्षण लिहायला बसायचं, तसा हा प्रकार आहे. फार तर मूलभूत हक्कांची यादी वाचली जाते. त्यापुढची शेकडो कलमं वकिलांची आणि यूपीएससीवाल्यांची, असं आपण ठरवून टाकलंय.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. तिथं एक गोष्ट लवकर कळते. ॲपच्या पहिल्या स्क्रीनवर 'तुमची प्रायव्हसी आमच्यासाठी महत्त्वाची आहे' असं सगळेच लिहितात. तुमचा डेटा खरंच सुरक्षित आहे का, हे त्या वाक्यावरून कळत नाही. ॲडमिनचा पासवर्ड किती जणांकडे आहे, एकाने चूक केली तर दुसऱ्याला ती थांबवता येते का, एक सर्व्हर पडला तर सगळंच पडतं का, हे पाहिल्यावर कळतं. संविधानातही माणसाचे हक्क कशामुळे टिकतात हे पाहायचं असेल तर अशीच कंटाळवाणी पानं उघडावी लागतात. कोणत्या कोर्टाला काय विचारता येतं, केंद्राच्या यादीत काय, राज्याच्या यादीत काय, दुरुस्तीला कोणाकोणाची संमती लागते. सत्ता एकाच खोलीत साठू नये म्हणून केलेली वाटणी त्या पानांत आहे.

एक दुरुस्ती, दोन टोकं

हे पटायला १९७६ सालची बेचाळिसावी घटनादुरुस्ती पुरेशी आहे. ती कशासाठी लक्षात राहिली? प्रस्तावनेत 'समाजवादी' आणि 'धर्मनिरपेक्ष' हे शब्द आले, 'एकते'शेजारी 'एकात्मता' आली, यासाठी. आजही वाद होतो तो याच शब्दांवर. ते असावेत की नसावेत यावर तावातावाने बोलणारे दोन्ही बाजूंचे लोक पहिल्याच पानावर भांडत असतात.

याच दुरुस्तीने मागच्या पानांत काय केलं? '२२६ अ' नावाचं नवं कलम घातलं. केंद्राचा कायदा घटनेत बसतो की नाही, हे तपासायचा उच्च न्यायालयांचा अधिकार त्याने काढून घेतला. 'कलम १३१ अ' घालून तो अधिकार फक्त दिल्लीतल्या सर्वोच्च न्यायालयाकडे ठेवला. तिथंही 'कलम १४४ अ'ने अट घातली: किमान सात न्यायमूर्ती बसले पाहिजेत आणि त्यांतल्या दोन तृतीयांशांचं मत पडल्याशिवाय कायदा रद्द होणार नाही. म्हणजे सातांपैकी चार जणांना कायदा घटनाबाह्य वाटला तरी तो कायदा जिवंत राहणार.

फक्त प्रस्तावना वाचणाऱ्याला १९७६ मध्ये संविधानात भर पडलेली दिसते. मागची पानं वाचणाऱ्याला दिसतं की कोल्हापूर, नागपूर, मदुराई, गुवाहाटी इथल्या माणसाचा केंद्राच्या कायद्याला जवळच्या कोर्टात आव्हान द्यायचा रस्ता बंद झाला. शब्द वाढले, जागा कमी झाल्या. त्रेचाळिसाव्या दुरुस्तीने ही तिन्ही कलमं काढून टाकली, ती एप्रिल १९७८ मध्ये. तो दिवस कोणाच्या स्टेटसवर नसतो.

कलम २२६ नावाचा मजकूर

ज्या कलमावर हा घाव पडला ते कलम २२६ एकदा मजकूर म्हणून वाचण्यासारखं आहे. डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत सर्वांत महत्त्वाचं म्हणून ज्या कलमाकडे बोट दाखवलं ते कलम ३२, हे आपल्याला माहीत असतं. मूलभूत हक्क डावलला गेला तर थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येतं, ते कलम. २२६ त्याचं धाकटं भावंडं वाटतं, पण त्याचा आवाका जास्त आहे. ३२ फक्त मूलभूत हक्कांसाठी चालतं. २२६ मूलभूत हक्कांसाठी चालतं आणि 'अन्य कोणत्याही' कारणासाठीही. हे छोटे शब्द फार कामाचे आहेत. पेन्शन अडवली, परवाना विनाकारण रद्द केला, जमिनीच्या संपादनात नियम पाळले नाहीत, अशा कितीतरी गोष्टी या शब्दांतून आत येतात. बेचाळिसाव्या दुरुस्तीने हेच शब्द काढून तिथं अटी घातल्या होत्या. चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने ते परत आणले. मजकुरातला कोणता शब्द सत्तेला खुपतो, हे अशा खाडाखोडीतून कळतं.

इथं मराठी वाचक म्हणून एक नाराजीही नोंदवायला हवी. संविधानाच्या अधिकृत मराठी अनुवादात रिटला 'प्राधिलेख' म्हटलंय. रिटच्या प्रकारांची नावं 'देहोपस्थिती', 'क्वाधिकार', 'प्राकर्षण' अशी आहेत. शब्द घडवणाऱ्यांच्या कष्टांबद्दल आदर ठेवूनही म्हणावं लागतं, की हे शब्द वाचकाला आत घेत नाहीत. 'देहोपस्थिती' म्हणजे काय, तर पोलिसांनी उचललेल्या माणसाला कोर्टासमोर आणून उभं करा आणि कोणत्या कायद्याने धरलंय ते सांगा. एखाद्या आईला आपल्या मुलासाठी मागता येणारी ही गोष्ट आहे. ती इतक्या उंच फळीवर ठेवली की हात पोचत नाही, मग वाचक प्रस्तावनेकडेच परत येणार. कोल्हापूरच्या कोर्टाच्या आवारातला माणूस साधं 'रिट टाकलंय' म्हणतो. मराठीत तो शब्द कधीच रुजलाय.

दिल्ली किती लांब

२२६ चा आणखी एक धडा अंतराचा आहे. संविधान लागू झालं तेव्हा उच्च न्यायालयाचा हुकूम त्याच्या हद्दीत बसलेल्या अधिकाऱ्यापुरताच चालायचा. १९५३ मध्ये एका प्रकरणात मद्रास उच्च न्यायालयाने निवडणूक आयोगाविरुद्ध रिट दिलं होतं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, आयोगाचं कार्यालय दिल्लीत आहे, मद्रासच्या कोर्टाचा हात तिथवर पोचत नाही. १९६१ मध्ये हीच भूमिका केंद्र सरकारबाबत पक्की झाली. तेव्हा दिल्लीला स्वतःचं उच्च न्यायालय नव्हतं, ती पंजाब उच्च न्यायालयाच्या हद्दीत होती. थोडक्यात, दिल्लीत बसून केंद्राने काढलेल्या हुकमाविरुद्ध कोल्हापूरच्या माणसाला रिट हवं असेल तर मुंबईचं कोर्ट उपयोगाचं नव्हतं. पंजाबच्या उच्च न्यायालयात जा, नाहीतर सर्वोच्च न्यायालयात.

हक्क तेव्हाही तेच होते. प्रस्तावनाही होती. पण केंद्राला जाब विचारायचा तर केंद्राच्या दारात जायला लागत होतं. १९६३ मध्ये पंधराव्या दुरुस्तीने हे बदललं. ज्या ठिकाणी माणसाला झळ बसली, तिथल्या उच्च न्यायालयाला दिल्लीतल्या सरकारविरुद्धही हुकूम देता येऊ लागला. केंद्र सरकारवर मर्यादा घालणारी ही दुरुस्ती कुठल्याही भाषणात ऐकू येत नाही. ती हक्काबद्दल बोलत नाही, पत्त्याबद्दल बोलते.

कऱ्हाड, नागपूर, दिल्ली

आता आणीबाणीकडे येऊ. मराठी साहित्याच्या वाचकाला १९७५ चं कऱ्हाड संमेलन माहीत असतं. अध्यक्ष दुर्गा भागवत, स्वागताध्यक्ष केंद्रात मंत्री असलेले यशवंतराव चव्हाण, आणि त्याच व्यासपीठावरून दुर्गाबाईंनी आणीबाणीविरुद्ध घेतलेली भूमिका. पुढे त्यांना अटक झाली. ही गोष्ट आपण पुन्हा पुन्हा सांगतो आणि सांगायलाच हवी. पण आपल्या सांगण्यात एक खोड आहे. धाडस आपण माणसाच्या नावावर जमा करतो आणि थांबतो. त्या वेळी कोणती दारं उघडी होती आणि कोणती बंद झाली, हे आपल्या गोष्टीत येत नाही.

दारं उघडी होती. २५ जून १९७५ ला आणीबाणी आली. दोनच दिवसांत राष्ट्रपतींच्या आदेशाने कलम १४, २१ आणि २२ साठी कोर्टात दाद मागायची सोय स्थगित झाली. तरीही देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी म्हटलं की अटक कायद्याला धरून आहे का, एवढं तरी आम्ही तपासणार. त्यांत मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ होतं. मुंबईत मिनू मसानींच्या 'फ्रीडम फर्स्ट' मासिकातला मजकूर सेन्सॉरने अडवला होता. फेब्रुवारी १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मसानींच्या बाजूने निकाल दिला.

कोर्टांबाहेर, राज्यांच्या पातळीवरही फरक दिसत होता. गुजरातमध्ये जनता मोर्चाचं आणि तमिळनाडूत द्रमुकचं सरकार होतं. देश तोच, आणीबाणी तीच, मिसा तोच. पण या दोन राज्यांत विरोधकांना थोडा श्वास घेता येत होता, भूमिगत कार्यकर्त्यांना थारा मिळत होता. पोलीस हा विषय राज्यांच्या यादीत आहे, या कोरड्या नोंदीचा कुणाच्या तरी आयुष्यातला अर्थ हा होता. मग ३१ जानेवारी १९७६ ला तमिळनाडूचं सरकार बरखास्त झालं, मार्चमध्ये गुजरातचं पडलं.

आणि एप्रिलमध्ये नऊ उच्च न्यायालयांतून निघालेले सगळे रस्ते दिल्लीतल्या एका खोलीत एकत्र आले. २८ एप्रिल १९७६ चा एडीएम जबलपूर खटल्याचा निकाल. पाचपैकी चार न्यायमूर्तींनी सांगितलं की आणीबाणी आहे तोवर अटकेविरुद्ध दाद मागता येणार नाही. सुनावणीत न्या. ह. रा. खन्नांनी विचारलं होतं की एखाद्या पोलिसाने वैरापोटी कुणाला मारलं तर उपाय काय, आणि सरकारच्या वकिलांना 'उपाय नाही' असंच उत्तर द्यावं लागलं होतं. खन्नांनी एकट्याने विरोधी निकाल लिहिला. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून कनिष्ठाला सरन्यायाधीश केलं गेलं आणि त्यांनी राजीनामा दिला.

खन्ना मोठेच. पण त्या निकालाचा धडा एवढाच घेतला की 'शूर न्यायमूर्ती हवेत', तर आपण परत प्रस्तावनेपाशीच अडकलो. सॉफ्टवेअरमध्ये एखादी सिस्टीम एका माणसाच्या हुशारीवर तगून असेल तर तिचं कौतुक होत नाही, ती बदलायला घेतात. नऊ ठिकाणी जे टिकलं होतं ते एका ठिकाणी आल्यावर कोसळलं, हे रचनेचं निदान आहे. १९७८ ची चव्वेचाळिसावी दुरुस्ती त्यावरचा इलाज होती: कलम २० आणि २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत, 'अंतर्गत अशांतता' हे कारण चालणार नाही, मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी हवा. १९७५ मध्ये मंत्रिमंडळाला घोषणा झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सांगण्यात आलं होतं. एडीएम जबलपूरचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने स्वतः चुकीचा ठरवायला मात्र २०१७ साल उजाडावं लागलं.

राज्य म्हणजे माणूस नव्हे

इथवर वाचून कुणी म्हणेल, म्हणजे केंद्र वाईट आणि राज्य चांगलं. तसं नाही. डॉ. आंबेडकरांना मजबूत केंद्र हवं होतं ते उगाच नाही. गाव आणि स्थानिक बहुसंख्य दलितांशी कसे वागतात, हे त्यांना पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. ज्याला गावच पाणी देत नाही, त्याला गावाच्या स्वायत्ततेचं काय कौतुक? अशा माणसाला दूरची सत्ता आधार वाटू शकते.

कोल्हापूरला तर याची वेगळी आठवण आहे. २६ जुलै १९०२ ला राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या. एका माणसाच्या हातात सत्ता होती आणि त्याने ती न्यायासाठी वापरली. पण शाहू दर पिढीत जन्माला येत नाहीत. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. पुढच्या वर्षी जे संविधान लागू झालं, त्याने महाराजांच्या इच्छेवर चालणारी गोष्ट कोणाच्याही इच्छेवर अवलंबून राहू नये अशी सोय केली. सत्ताधारी चांगला निघाला तर उत्तमच, नाही निघाला तरी माणूस उघड्यावर पडू नये.

सीमाभागाकडे पाहिलं की हे आणखी स्पष्ट होतं. कागलच्या पुढे निपाणी लागतं आणि राज्य बदलतं. राज्यांच्या सीमा ठरवायचा अधिकार कलम ३ नुसार संसदेकडे आहे. राज्याच्या विधानसभेचं मत मागवतात, पण ते मानायचं बंधन नाही. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, तोही याच संरचनेतला मार्ग. पण तो दावा दोन राज्यांमधला आहे. निपाणीतल्या मराठी घराला मुलाची शाळा, सरकारी कागदाची भाषा यांसाठी आज जे भांडायचंय, ते महाराष्ट्र सरकारच्या जोरावर होत नाही. त्याच्या हातात भाषिक अल्पसंख्याकांसाठीची कलमं २९, ३० आणि ३५० अ आहेत, आणि दाद मागायला धारवाडचं खंडपीठ. स्वतःच्या राज्य सरकारविरुद्ध उभं राहायलाही तीच रचना लागते.

म्हणून 'राज्यांचे हक्क' आणि 'माणसाचे हक्क' यांत गल्लत नको. राज्यांना अधिकार दिले ते राज्यं पवित्र आहेत म्हणून नव्हे. कोणत्याच एका जागेवर पूर्ण विश्वास ठेवायचा नाही, म्हणून.

रचनेतल्या फटी

ही रचना निर्दोष आहे असं म्हणणं भाबडेपणा होईल. घटनेतल्या न्यायालयविषयक तरतुदी बदलायला निम्म्या राज्यांच्या विधानसभांची संमती लागते. चांगलं कुलूप आहे. पण १९७६ मध्ये बहुतेक राज्यांत केंद्रातलाच पक्ष होता, त्यामुळे ते कुलूप सहज उघडलं. त्याच वर्षी उच्च न्यायालयांच्या १६ न्यायमूर्तींच्या दुसऱ्या राज्यांत बदल्या झाल्या. कलम ३५६ तर दोन्ही बाजूंनी वापरलं. १९७७ मध्ये जनता सरकारने काँग्रेसची नऊ राज्य सरकारं घालवली. १९८० मध्ये इंदिरा गांधी परतल्यावर पुन्हा नऊ गेली, त्यांत महाराष्ट्रातलं शरद पवारांचं पुलोद सरकार होतं. १९९४ च्या बोम्मई निकालानंतर हा खेळ अवघड झाला, कारण बरखास्तीची कारणं कोर्टाला तपासता येतील आणि बहुमत विधानसभेत मोजायचं, राजभवनात नाही, असं ठरलं. बोम्मई आपल्या शेजारच्या हुबळीचे.

आजची फट पाहायची तर हातातला फोन पुरे. जून २०२३ मध्ये स्टेटसवरून पेटलेल्या तणावानंतर कोल्हापुरात इंटरनेट बंद झालं होतं. तेव्हाचे नियम केंद्राने २०१७ मध्ये केलेले होते. बंदीचा आदेश राज्याचा गृह सचिव काढू शकतो. तो आदेश योग्य होता का हे तपासणारी समिती मुख्य सचिव आणि आणखी दोन सचिवांची. म्हणजे बंद करणारे आणि तपासणारे एकाच सरकारचे. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे आदेश जाहीर केले पाहिजेत असं सांगितलं, म्हणजे निदान त्यांना उच्च न्यायालयात आव्हान देता यावं. २०२३ मध्ये आपलं उच्च न्यायालय साडेतीनशेहून जास्त किलोमीटरवर होतं. बंदी योग्य होती की अयोग्य, यावर मतं वेगळी असू शकतात. पण हा प्रश्न बाहेरच्या कुणाला वेळेत विचारता येत नसेल, तर कलम १९ तेवढे दिवस फक्त छापलेलं असतं.

भाऊसिंगजी रोडवरचं कोर्ट

म्हणून १८ ऑगस्ट २०२५ ही तारीख मला मोठी वाटते. त्या दिवसापासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सीपीआरसमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत चालू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे आता इथं येतात. चार दशकांहून जास्त काळ इथल्या वकिलांनी आणि पक्षकारांनी ही मागणी लावून धरली होती. त्या यशाचे फटाके वाजले, अभिनंदनाचे फलक लागले, हॉटेलं आणि फ्लॅटचे भाव यांवर चर्चा झाली. कलम २२६ वर फारशी झाली नाही.

या बेंचचा कायदेशीर पाया वाचण्यासारखा आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१ मध्ये दोन वाटा आहेत. कायम खंडपीठ हवं तर राष्ट्रपतींचा आदेश, म्हणजे केंद्र. आणि मुख्य न्यायमूर्तींनी राज्यपालांच्या मान्यतेने दुसऱ्या ठिकाणी कोर्ट बसवायचं, ही पोटकलम ३ ची वाट. कोल्हापूर दुसऱ्या वाटेने आलं. त्याला राष्ट्रपतींच्या आदेशाची गरज पडली नाही. पण जे मुख्य न्यायमूर्तींच्या निर्णयाने आलं ते तशाच निर्णयाने हलूही शकतं, हेही त्याच पोटकलमातून वाचता येतं. कायम खंडपीठाची मागणी फक्त कोल्हापूरच्या अस्मितेची नाही, ती याच्याशी जोडलेली आहे.

राष्ट्रीय महामार्गात जमीन जाते तेव्हा नोटीस केंद्राच्या कायद्याखाली येते. सावंतवाडीच्या किंवा सांगोल्याच्या शेतकऱ्याला त्या नोटिशीविरुद्ध आता कोल्हापूरला यायचंय. १९६३ च्या दुरुस्तीने दिल्लीविरुद्धची दाद मुंबईत आणली, २०२५ च्या निर्णयाने ती सहा जिल्ह्यांच्या एसटीच्या टप्प्यात आणली. न्याय मिळेलच असं नाही. वकिलाची फी आहे, तारखा आहेत, तुंबलेले खटले आहेत. पण विचारायची जागा जवळ आली.

येत्या २६ नोव्हेंबरला प्रस्तावना जरूर लावा. तिच्याशेजारी कलम २२६ सुद्धा लावून बघा. लांबलचक, रुक्ष, पोटकलमांनी भरलेलं दिसेल. कुणी विचारलंच की हे काय, तर सांगा: सरकार कुठलंही असो, त्याला कोल्हापुरात उभं करून जाब विचारायची सोय या परिच्छेदात आहे. ती एकदा काढून घेतली होती आणि परत मिळवायला लागली होती.